येळवसच्या दिवशी खरेदीखत

अमावास्येला रजिस्ट्री ऑफिसात गर्दी नसते, हा शोध माझा मी लावला होता. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. उस्मानाबादेतून वेगळा निघालेला हा जिल्हा नव्या बुटासारखा होता. चावायचा, पण ऐट होती. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत, पाट्यांचा रंग ताजा, खुर्च्या कमी आणि साहेब जास्त. बाहेरून बदलून आलेल्यांना घरं मिळेनात, म्हणून ज्याची जमीन गावाला लागून होती तो प्लॉट पाडायला लागला आणि ज्याची नव्हती तो प्लॉट बघत हिंडायला लागला. हे सगळे लोक रोज सकाळी रजिस्ट्री ऑफिसच्या ओसरीत एकमेकांच्या अंगावर बसलेले असायचे. मी दोनदा जाऊन पाहून आले होते. आत शिरायलाच जागा नव्हती.

मग लक्षात आलं, की अमावास्येला माणसं खरेदीखत करत नाहीत. घराची, शेताची, म्हशीची, कसलीच खरेदी करत नाहीत. म्हणजे त्या दिवशी साहेब मोकळे. माझ्या माहेरी, धर्माबादला, वडिलांचा मिरचीचा व्यापार होता. बाजार रिकामा असेल तेव्हा माल लवकर उतरतो, एवढं मी लहानपणापासून बघत आले होते. त्यातून अजून एक योग जुळला. त्या अमावास्येला येळवस होती आणि आमच्या मुख्याध्यापिकांनी शाळेला सुट्टी दिली. मी शिक्षिका, सुट्टीच्या दिवशी रजा टाकावी लागत नाही, ऑफिस मात्र चालू. मी लगेच तारीख पक्की केली.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, शेतकऱ्यांचा काहीतरी सण, एवढंच मला माहीत होतं. धर्माबादकडे हा सण नाही. सासर नांदेड शहरातलं, तिथंही आमच्या घरी नाही. नव्या जिल्ह्यात जागा निघाल्या म्हणून मी लातूरला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. नवरा नांदेडलाच, पाटबंधारे खात्यात, बदलीचे अर्ज करत बसलेला. त्याच्या खात्याने घर बांधायला कर्ज मंजूर केलं होतं, पण अट होती. महिना संपायच्या आत जागेचं नोंदलेलं खरेदीखत दाखवायचं. नाही दाखवलं तर मंजुरी रद्द आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. महिना संपत आला होता आणि त्याला रजा एकाच दिवसाची मिळाली होती. मी तोवर दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. तिथल्या हातपंपाला मालकीणबाई कुलूप लावायच्या, कारण त्या साली पाऊस झालाच नव्हता आणि पंपाला पाणी येईल तेवढंच येत होतं. घर झालं तर आपला स्वतःचा पंप, स्वतःचं कुलूप, असं मी नवऱ्याला पत्रात लिहिलं होतं.

जागा ज्यांची होती त्यांना आम्ही काका म्हणत होतो आणि त्यांच्या बायकोला काकू. गावाच्या कडेचं त्यांचं शेत मागच्या अंगाने एका डाळमिलवाल्याने घेतलं होतं. रस्त्याकडचे प्लॉट एकेक करून गेले होते. बोरीचं झाड असलेला शेवटचा प्लॉट आमच्यासाठी राहिला होता. काका त्यामुळे दुःखी वगैरे मुळीच नव्हते. मुलाने त्याच पैशात सिमेंटचं दुकान टाकलं होतं आणि नव्या जिल्ह्याच्या कृपेने ते जोरात होतं. विहीर आटलेली, बैल पाहुण्यांकडे ठेवलेले. शेती करण्यासारखं नव्हतंच काही. मी तारीख सांगायला गेले तेव्हा काका म्हणाले, "त्या दिशी म्या शेतात असतो."

मला बरं वाटलं. माणूस कुठं सापडेल ते आधीच कळलं, असा मी त्याचा अर्थ घेतला.

बाकी तयारी चोख होती. मुद्रांक घेतलेले, दस्तलेखकाकडून खरेदीखत लिहून झालेलं, चारी बाजूंच्या सीमा तपासलेल्या, नकाशा जोडलेला, फोटोच्या प्रती, पेन दोन, दोन्हींत शाई. नवरा पहाटेच्या एसटीने आला. आम्ही चहा घेतला आणि बाहेर पडलो, तर रस्त्यावर कोणी नाही. रिक्षा नाही. दुकानांची फळी उघडलेली नाही. गंजगोलाईच्या बाजारात एरवी माणसाला माणूस घासतं, तिथं दोन कुत्री आरामात मधोमध झोपली होती. नवरा म्हणाला, "अगं, कर्फ्यू लागलाय का?"

"अमावास्या आहे," मी म्हणाले. "लोक बाहेर पडत नसतील."

"अमावास्येला नांदेडात लोक बाहेर पडतात."

रजिस्ट्री ऑफिसात मात्र माझा अंदाज बरोबर निघाला. गर्दी अजिबात नव्हती. इतकी नव्हती, की दस्तलेखकांची टेबलं पत्र्याच्या शेडखाली उलटी करून ठेवली होती आणि आत रजिस्ट्रार साहेब एकटेच शिळं वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते कोकणातून नुकते बदलून आले होते. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली.

"बसा, बसा. शिपाई नाही, पाणी देऊ शकत नाही. तसंही पाणी नाहीच. दस्त आणलाय?"

मी दस्त पुढे ठेवला. त्यांनी वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "लिहून देणारे कुठं आहेत?"

"शेतात."

"ओळख पटवणारे साक्षीदार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार दस्तलेखक आणणार होता. दस्तलेखकाचं टेबल उलटं होतं.

साहेब म्हणाले, "सकाळपासून एवढंच ऐकतोय. कारकून शेतात, शिपाई शेतात, शेजारच्या खानावळीचा मालक शेतात. येताना रस्त्यात पाट्या घेऊन निघालेल्यांना विचारलं, अहो तुम्हा सगळ्यांना शेत आहे का? तर म्हणाले, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. हे मला आधी कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरून डबा तरी आणला असता." मग थोडं गंभीर होऊन म्हणाले, "तुम्ही माणसं आणा. मी ऑफिस बंद होईपर्यंत इथंच आहे. कुठं जाणार?"

घरमालकिणीची सायकल मागून घेतली. म्हणजे मागितली असं नाही, त्याही शेतात गेल्या होत्या, सायकल पायरीला टेकवून ठेवलेली होती. नवरा चालवायला, मी मागे, मांडीवर दस्ताची पिशवी. गावाबाहेर पडल्यावर कळलं की लातूर कुठं गेलंय. सगळा रस्ता माणसांनी भरला होता. बैलगाड्या, ट्रॅक्टर, लुना, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. आंबिलीची मडकी चुन्याने रंगवलेली, त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. दोन्ही बाजूंना रानं उघडी, ढेकळांशिवाय काही नाही, आणि त्या उघड्या रानात जागोजागी माणसांचे घोळके बसलेले. पीक नाही म्हणून सण नाही, असं कुणाच्याही मनात आलेलं दिसत नव्हतं.

काकांच्या शेतात, म्हणजे आमच्या प्लॉटवर, बोरीखाली गोणपाटाची कोप, म्हणजे छोटं खोपट, बांधली होती. एरवी ती कडब्याच्या पेंढ्यांची करतात. पण कडब्याचा भाव त्या साली साडीच्या वर गेला होता, म्हणून मुलाच्या दुकानातली सिमेंटची रिकामी पोती जोडून काम भागवलं होतं. कोपीत पाच दगड चुना लावून मांडले होते, ते पाच पांडव. त्यांच्यापुढे काकू बसलेल्या. आणि अलीकडे, पंगतीत पहिल्या पानावर, आमचे दस्तलेखक.

मला बघून त्यांनी घास हातातच ठेवला. "आलात का मॅडम? म्या म्हणलोच होतो, मॅडम येणार. साक्षीदार बी इथंच हायत, हे बघा." शेजारच्या दोन प्लॉटांचे मालक भज्जी कालवत बसले होते. त्यांनी उष्टे हात वर करून नमस्कार केला.

मी म्हणाले, "तुम्ही मला आज ऑफिसात भेटणार होतात."

"तुम्ही तारीख सांगितलात तवा म्या हाव म्हणलो. हाव म्हणलं की माणूस येतंच असं कुठं हाय? आता ऑफिसचं सामान सगळं इथं बसून राहिलंय, तर ऑफिस बी इथंच म्हणा." माणसाच्या बेरडपणाला काही हद्द असते, पण काकूंनी तोवर आमच्यापुढे पत्रावळी मांडल्या होत्या.

नवरा म्हणाला, "काकू, आधी रजिस्ट्री करून येऊ, मग जेवू. साहेब थांबलेत."

"साहेब थांबतील. आंबील थांबत न्हाई, आंबती," काकू म्हणाल्या. "येळवसला शेतात आलेलं माणूस उपाशी गेलं तर धनी म्हणून आमी तोंड कुठं दावावं? बसा."

बसलो. ज्वारीची भाकरी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, आणि भज्जी. या भज्जीत कोवळी तूर, हरभरा, वाटाणे, भुईमूग, हाताला लागेल ते सगळं घालतात. त्या साली शेतातून आलेलं त्यात काहीच नव्हतं, सगळं बाजारातून आणलेलं. पण वाढताना काकू "घ्या, आपल्या रानातली हाय" म्हणायच्या आणि कुणी हसायचं नाही. आंबिलीला टँकरचं पाणी होतं. मी पहिल्यांदाच प्यायले, आणि अजून एक तांब्या मागितला. जेवणं झाल्यावर काकांनी शेताच्या कडेने, म्हणजे आता फक्त आमच्या प्लॉटच्या कडेने, आंबील शिंपडली. मोठ्याने "ओलगे, ओलगे" अशी येळवसची आरोळी देत गेले. चक्कर लहान होती. ते लगेच परत आले आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा थोडा उतरलेला मला दिसला.

मी पिशवीतून दस्त काढला. दस्तलेखकांनी हात धोतराला पुसले. काका म्हणाले, चला. त्याच वेळी काकू पांडवांपुढून न उठता म्हणाल्या, "मग फुडल्या साली आपुन बसायचं कुठं?"

काका म्हणाले, "दगडं उचलू. दुकानामागं न्हिऊ."

"दुकानामागं सिमीट हाय. पांडवाला सिमीटात बसवतावं व्हय? माझ्या सासूनं हितं मांडले, तिच्या सासूनं हितं मांडले. तुमी शेत इकलात, म्या एका शब्दानं बोलले न्हाई. प्लॉट पाडलात, न्हाई बोलले. ही जागा मात्र म्या हलू देणार न्हाई."

काका माझ्या नवऱ्याला म्हणाले, "मग असं लिवा साहेब, की येळवसला आमाला हितं बसायचा हक्क हाय. तेवढं लिवा, अंगठा देतो. न्हाई तर मला बी घरी जायचं हाय हिच्यासंग."

दस्तलेखकाने पेन उघडलं. "लिवू की. 'सदर मिळकतीच्या आग्नेय कोपऱ्यात लिहून देणार यांस दरसाल वहिवाटीचा हक्क राहील.' झालं."

"झालं नाही," नवरा म्हणाला. तो पाटबंधाऱ्यातला माणूस, अटी वाचूनच जगतो. "जागेवर दुसऱ्याचा हक्क असेल तर खातं कर्ज देत नाही. निर्वेध पाहिजे म्हणून लिहिलंय. हे वाक्य घातलं की खरेदीखत झालं आणि कर्ज गेलं."

"मग तोंडी ठेवा," एक साक्षीदार म्हणाला. "आमी हावच की गवाह."

"तोंडी न्हाई," काकू म्हणाल्या. "ही पोरगी चांगली हाय. उद्या हिनं इकलं तर? तवा तुमी गवाह तिथं आंबील पीत बसचाल."

दस्तलेखक पेन बंद करू का चालू ठेवू, या विचारात. मला वाटलं संपलं सगळं. माणूस हट्ट करतोय असं वाटलं असतं तर मी भांडले असते, पण काकू दगडांवरचा चुना पदराने सारखा करत होत्या आणि त्यांच्याशी भांडायचं कसं ते मला सुचेना. महिना तीन-चार दिवसांत संपत होता. मी नवऱ्याला हळूच विचारलं, दुसरी जागा कुणी देईल का एवढ्यात. तो म्हणाला, एवढ्यात कोण देतंय.

काकूंना ते ऐकू गेलं असावं. त्या म्हणाल्या, "एवढं कशाला? तेवढा कोपरा घिऊच नका की. आमच्याच नावावर ऱ्हाऊ द्या. ऱ्हायलेलं तुमचं. मग तुमच्या जागेवर आमचा कसला हक्क?"

दस्तलेखक आधी हसला. मग थांबला. मग म्हणाला, "होतंय की."

होत होतं. आमचं क्षेत्र तेवढं कमी, किंमत तेवढी कमी, आणि आमच्या जागेला चार सरळ सीमांच्या जागी जरा वाकड्या सीमा. आमचा भाग निर्वेध. मी लगेच नकाशा ढेकळावर पसरला. मग नवऱ्याच्या लक्षात आलं. "अगं, आग्नेय कोपरा. तिथं आपलं स्वयंपाकघर आहे."

ते खरं होतं. घराचा आराखडा मी वहीत महिनाभर आधीच काढला होता. आग्नेयेला चूल, सगळीकडे तसंच असतं. काकू म्हणाल्या, "मग आमची बी चूल येळवसला तिथंच असती. कुणाची तरी तिथं असू द्या."

मी स्वयंपाकघर खोडलं आणि आराखड्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तेवढ्याने घर मिळत असेल तर चूल कुठल्याही दिशेला पेटते, असं मी म्हणाले. नवरा फार वास्तू बघणारा नव्हता, पण त्याच्या आईला काय सांगायचं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

काठीने कोपरा मोजला. काका पांडवांपासून दोन पावलं जास्तच टाकत होते आणि साक्षीदार त्यांना मागे ओढत होते. "काका, मॅडमला रस्ता तरी ठेवा घरात शिरायला." काकूंनी सांगितलं, पंगत बसती तेवढंच घ्या, हावरटपणा करू नका. दस्तलेखकाने मांडीवर पत्रावळीची पाटी उलटी ठेवून तिच्यावर दस्तात दुरुस्ती लिहिली. प्रत्येक खाडाखोडीशेजारी आमच्या सह्या, काकांचा अंगठा. दुसऱ्या पानाच्या समासावर आंबिलीचा एक थेंब पडला. तो मी रुमालाने टिपला, पण डाग राहिला.

मग सगळे एका साक्षीदाराच्या ट्रॅक्टरवर बसून लातुरात आलो. ट्रॉलीत मी, काकू, घरमालकिणीची सायकल, आणि काकूंच्या मांडीवर कपड्यात बांधलेला एक डबा. काका पुढे मडगार्डवर. रस्त्याने येणारे लोक विचारत होते, येळवस टाकून कुठं चाललात? काका ओरडून सांगत होते, "इकायला."

साहेब खरोखर तिथंच होते. त्यांनी दस्त पहिल्यापासून पुन्हा वाचला. खाडाखोडी मोजल्या, सह्या जुळवल्या. काकांना विचारलं, "दस्त तुम्हाला वाचून दाखवला का? मान्य आहे का?"

"हाव."

"आग्नेय कोपरा राखून ठेवलाय. तिथं काय आहे? विहीर? झाड?"

काका म्हणाले, "तिथं जेवतो साहेब."

साहेबांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ते विचारणार, जेवतो म्हणजे काय. पण ते सकाळपासून उपाशी होते, त्यांना बहुधा कळलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "कारण लिहायची गरज नाही. राखून ठेवलंय ते स्पष्ट आहे." शिक्का मारला. काकांनी दप्तरात अंगठा दिला आणि हाताची शाई डोक्याच्या केसांना पुसली. धुवायला पाणी नव्हतं.

काकूंनी डबा पुढे केला. साहेब म्हणाले, काम चालू असताना नको. मग आमचं काम संपवलं, पावती लिहिली, दप्तर कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात टाकून म्हणाले, "आता बघू." उभ्याउभ्याच खाल्लं. तिसऱ्या उंड्याला विचारलं, हे दरवर्षी असतं का. दस्तलेखक म्हणाला, पुढच्या साली आमच्या शेतात या. त्याला शेत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

कर्ज मिळालं. घर झालं. आमचं घर वरून पाहिलं तर एक कोपरा कुरतडलेल्या पोळीसारखं दिसतं. बांधकामाच्या वेळी गवंड्याने तीनदा विचारलं, हा कोपरा चुकून राहिलाय का. नगरपालिकेचा माणूस मोजायला आला तेव्हा त्यानेही विचारलं. सासूबाईंनी वायव्येच्या स्वयंपाकघरात पाय ठेवताना सुरुवातीला फार तोंड वाकडं केलं. पुढे तिथं संध्याकाळचं वारं येतं म्हणून त्याच जास्त वेळ बसायला लागल्या.

पुढच्या साली बरा पाऊस झाला. काका-काकू खऱ्या कडब्याची कोप घेऊन आले, आमच्या वाळूच्या ढिगाला वळसा घालून. त्यानंतर दर येळवसला आले. कोप आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवायचे आणि पंगत कोपऱ्यात मावायची नाही, ती आमच्या अंगणात यायची. काकांनंतर काकू एकट्या मुलाच्या गाडीतून यायला लागल्या.

मागच्या वर्षी मुलगा हातात कागद घेऊन आला. आता मोठा दुकानदार आहे, बोलणं साधं. म्हणाला, "ताई, तेवढा कोपरा तुम्ही घेऊन टाका. आमच्या काय कामाचा? तुमचं कंपाउंड सरळ होईल. आईला मी समजावतो, दुकानामागं मोठी जागा केलीय."

काकू तिथंच, पांडवांना चुना लावत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तिला इचार. मला काय समजावतो? जागा माझ्या नावावर हाय, पर भिताड तिचं वाकडं हाय."

मी कागद बघितला. किंमत रास्त होती. भिंत खरंच सरळ झाली असती.

"नको," मी म्हणाले. "मग येळवसला आम्ही कुणाच्या शेतात जायचं?"

मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं, भज्जीला चिंच कोळून ठेवलीस का न्हाई अजून?"

ठेवली नव्हती. मी आत गेले.